बोल्टाच्या डोक्यावरील आंकडे

बैलजोडीवर घरचें बळ मोजण्याचे दिवस आपल्या जिल्ह्यांत फार मागें पडलेले नाहींत. तथापि आज तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूर अशा कोणत्याहि बाजूस गेलें तरी चिखलणी ट्रॅक्टरनें होते, धान ट्रॉलींतून जातें आणि पाहुणे मोटारींतून येतात. यंत्रें आलीं म्हणजे त्यांची मोडतोडहि आली. ऐन रोवणीच्या दिवसांत गाडी अडते ती पुष्कळदां एखाद्या मोठ्या भागासाठीं नव्हे, तर चार बोटें लांबीच्या एका बोल्टासाठीं. तो तुटला किंवा हरवला म्हणजे आपण जवळच्या लोखंडी सामानाच्या दुकानांत जातों, जुना तुकडा पुढें टाकतों आणि "याच जाडीचा द्या" असें सांगतों. दुकानदार जाडी व लांबी जुळवून देतो, मिस्त्री तो बसवितो आणि गाडी चालूं लागते. जाडी जुळली, लांबी जुळली, आटेहि जुळले. परंतु ज्या एका गुणासाठीं गाडी करणाऱ्यानें तो बोल्ट तेथें घातला होता, त्याची विचारपूस मात्र कोणीच केली नाहीं. तो गुण म्हणजे त्या पोलादाच्या मजबुतीचा दर्जा होय. प्रस्तुत लेखांत त्याविषयीं चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित नाहीं. आमची उभी हयात महसुलाच्या दप्तरांत गेली. परंतु दप्तरांत एक संवय अंगीं मुरते ती ही कीं, तोंडच्या हकिकतीपेक्षां लेख काय म्हणतो तें आधीं पाहावें. जमीन घेतांना सातबारा पाहिल्याशिवाय शहाणा मनुष्य इसार देत नाहीं. बोल्टाचाहि सातबारा असतो, आणि तो त्याच्या डोक्यावरच कोरलेला असतो. आपण तो वाचत नाहीं, इतकेंच.

प्रथम बोल्टाचें काम काय तें समजून घेतलें पाहिजे. कारण त्याविषयीं सार्वत्रिक गैरसमज आहे. बोल्ट म्हणजे दोन पत्र्यांच्या भोंकांतून घातलेली खुंटी, आणि भार आला म्हणजे तो या खुंटीवर पडतो, असें बहुतेकांस वाटतें. वस्तुतः नीट आवळलेला बोल्ट खुंटीसारखा काम करीत नाहीं, स्प्रिंगेसारखा करतो. नट फिरवीत गेलें म्हणजे बोल्ट डोळ्यांस न दिसेल इतका लांबतो, आणि लांबलेलें पोलाद पुन्हां आंखडूं पाहतें. या आंखडण्याच्या जोरानें दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात व त्यांच्यामधील घर्षणच भार पेलतें. जुन्या सुतारांनीं बैलगाडीच्या चाकावर धांव कशी चढविली तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस हें समजण्यास अडचण पडूं नये. तापवून फुगलेली लोखंडी धांव चाकावर बसविली, पाणी ओतलें, ती आंखडली, आणि आरे, तुंबा, पाटे सर्व एकजीव झाले. धांव सैल राहिली कीं चाक खिळखिळें होऊन मोडलेंच म्हणून समजावें. तोच न्याय बोल्टास लागू आहे. बोल्ट सैल राहिला तर प्रत्येक हिसक्यास तो वांकतो व पुन्हां सरळ होतो. आणि लोखंडी तार पुनःपुन्हां वांकविली असतां जशी तुटते तसा तोहि कालांतरानें तुटतो. म्हणून दर्जाचा खरा प्रश्न असा कीं, हा बोल्ट कितपत ताणला असतां पूर्वस्थितीस परत येईल, आणि किती ताणल्यावर कायमचा लांबेल?

याच दोन गोष्टी डोक्यावरील आंकडे सांगतात. मिलीमीटरच्या मापाच्या बोल्टावर ४.६, ४.८, ८.८, १०.९, १२.९ असे आंकडे असतात. हे दशांश अपूर्णांक नव्हेत, टिंबानें विभागलेले दोन निरनिराळे आंकडे आहेत. पहिल्यास १०० नें गुणिलें म्हणजे एका चौरस मिलीमीटरास किती न्यूटन ताण दिल्यावर तें पोलाद तुटतें तें कळतें. दुसरा आंकडा असें सांगतो कीं, त्या तुटण्याच्या ताणाच्या किती दशांशावर पोलाद कायमचें लांबूं लागतें. ८.८ चा अर्थ ८०० न्यूटनांस तुटणार, आणि त्याचे आठ दशांश म्हणजे ६४० न्यूटनांस लांबूं लागणार. ज्यांस न्यूटनाचा परिचय नसेल त्यांनीं दहांनीं भागावें म्हणजे किलोंत अदमास निघतो. आपल्या देशांत या दर्जांचे नियम भारतीय मानक १३६७ मध्यें दिलेले असून ते आंतरराष्ट्रीय मानकाशीं जुळते आहेत. त्यामुळें पुण्यास झालेला ८.८ आणि जर्मनींत झालेला ८.८ यांचा अर्थ एकच.

उदाहरण म्हणून १२ मिलीमीटर जाडीचा नेहमींच्या आट्याचा बोल्ट घेऊं. आट्यांच्या खांचा वजा जातां त्याचें कामाचें क्षेत्र सुमारें ८४ चौरस मिलीमीटर भरतें. तो ४.६ दर्जाचा असेल तर साधारण २ टनांस कायमचा लांबतो आणि ३.४ टनांस तुटतो. तोच ८.८ दर्जाचा असेल तर ५.५ टनांपर्यंत टिकतो व ६.९ टनांस तुटतो. १०.९ चा ७.७ टनांस लांबूं लागून ८.६ टनांस, आणि १२.९ चा ९.३ टनांस लांबूं लागून १०.३ टनांस तुटतो. चारहि बोल्ट एकाच डब्यांत टाकले तर जाडीनें, लांबीनें, वजनानें कोणासहि फरक ओळखतां येणार नाहीं; आणि बळांत पाहूं जातां पहिल्याहून चौथा तिप्पट!

आतां "बारीक नको, जाड घाला" असें म्हणणाऱ्यांसाठीं एक हिशेब. १६ मिलीमीटरचा ४.६ दर्जाचा जाडजूड बोल्ट घेतला तर तो सुमारें ६.४ टनांस तुटतो आणि ३.८ टनांसच लांबूं लागतो. म्हणजे १२ मिलीमीटरच्या ८.८ पुढें तो उणाच ठरतो. भोंक मोठें करून जाड पण मऊ बोल्ट घालण्याची जी युक्ति आपल्याकडे सर्रास चालते, तिच्यांत भाग मात्र कमजोर होतो आणि हातीं कांहीं येत नाहीं.

चकाकीवर भुलणेंहि असेंच. स्टेनलेसचा बोल्ट गंजत नाहीं, दिसण्यांत सुरेख असतो, किंमतीनेंहि चढ असतो. म्हणून तो सर्वांत भारी असावा असें वाटतें. त्याच्या डोक्यावर बहुधा 'ए २-७०' अशी खूण असते. तिचा अर्थ ७०० न्यूटनांस तुटणार. लांबण्याची त्याची हद्द ४५० न्यूटन आहे, ८.८ ची ६४०. पाण्याच्या टांकीस, फवारणी यंत्रास, नंबराच्या पाटीस तो उत्तम. ब्रेकास किंवा स्टिअरिंगास मात्र तो लावूं नये.

आपल्याकडील जुन्या गाड्यांमुळें आणखी एक घोटाळा होतो तो इंची मापाचा. आट्यांचें सर्वत्र एकच माप असावें ही कल्पना इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं मांडली. पुढें १९४८ सालीं इंग्लंड, अमेरिका व कानडा यांनीं इंची आट्यांचें सामाईक माप ठरविलें. भारतानें १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें स्वीकारलीं, परंतु ज्या गाड्यांचे नमुने इंग्लंड-अमेरिकेंतून आले त्यांच्यांतील आटे कायद्यानें कसे बदलणार? जुनी जीप, मॅसी फर्ग्युसन घराण्याचे ट्रॅक्टर, महिंद्राचा जुना बी-२७५ यांत इंची आटे विपुल सांपडतात. या इंची बोल्टांवर आंकडे नसतात, डोक्यावर रेघा असतात. एकहि रेघ नसली तर दर्जा सामान्य. तीन रेघा असल्या तर ग्रेड ५, म्हणजे आपला जवळपास ८.८. सहा रेघा असल्या तर ग्रेड ८, म्हणजे जवळपास १०.९. रेघा तीन आहेत म्हणून दर्जा तिसरा असें कोणी समजूं नये. अशी समजूत करून घेतलेले मिस्त्री आम्ही पाहिले आहेत.

येथें एका विशेष धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलीमीटर. अर्ध्या इंचाच्या बारीक आट्याच्या नटांत इंचास २० आटे असतात, म्हणजे एका आट्यापासून दुसरा १.२७ मिलीमीटरवर. आणि १२ मिलीमीटरच्या बारीक आट्याच्या बोल्टाचें हें अंतर १.२५ मिलीमीटर असतें. दोन्ही अंतरें इतकीं जवळ आहेत कीं, हा १२ चा बोल्ट त्या अर्ध्या इंचाच्या नटांत विनासायास फिरत जातो, किंबहुना जरा अधिकच मोकळेपणानें जातो, आणि मिस्त्रीस वाटतें छान बसला. प्रत्यक्षांत आट्यांचीं फक्त टोकें एकमेकांस लागलेलीं असतात. असा जोड १२.९ दर्जाचा असला तरी फुकट. पहिल्या मोठ्या हिसक्यास आटे सोलून नट सुटतो. म्हणून नट बोल्टावर हातानें फिरवून पाहावा आणि बाजूबाजूस हलवावा. डुगडुगला तर दोन्ही परत करावे. गंमत अशी कीं, अगदीं नव्या मेट्रिक मोटारींतहि बसणाराचा पट्टा जेथें गाडीच्या सांगाड्यास जखडतात तेथें बहुधा ७/१६ इंची बारीक आट्याचाच बोल्ट असतो. पट्ट्याचे नियम त्या मापावर बेतलेले आहेत. तो हरवला म्हणून ११ किंवा १२ मिलीमीटरचा ठोकून बसविणें म्हणजे अपघाताच्या वेळीं पट्टा असून नसल्यासारखा करणें होय.

दर्जा कळला. आतां निवड. साधा आणि बहुतेक ठिकाणीं पुरेसा नियम हा कीं, जो निघाला त्याच दर्जाचा बसवावा. मडगार्ड, बॅटरीची बैठक, सीट, दिव्याची पट्टी, ट्रॉलीच्या फाळक्याची कडी अशा ठिकाणीं ४.६ किंवा ४.८ चालतो, तेथें अधिक खर्च करण्यांत अर्थ नाहीं. परंतु जेथें जीव टांगलेला आहे, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, चाकें, स्प्रिंगांचे यू-बोल्ट, पुढच्या आंसाचे जोड, ट्रॉलीचा हूक व दांडी, तेथें ८.८ च्या खालीं कधींहि जाऊं नये, आणि मूळचा १०.९ असेल तर १०.९ च घ्यावा. इंजिनाच्या आंतील बोल्टांविषयीं, विशेषतः हेडाचे व कनेक्टिंग रॉडाचे, आमचें मत स्पष्ट आहे: ते त्या गाडीच्या कंपनीचेच घ्यावे. नव्या मोटारींतील हेडाचे पुष्कळ बोल्ट मुद्दाम लांबण्याच्या हद्दीपर्यंत आवळण्यासाठीं केलेले असतात. एकदां लांबल्यावर ते पुन्हां वापरावयाचे नसतात. धुवून पुसून परत घातले तर थोड्याच दिवसांत गॅस्केट जाते.

मग सर्वत्र १२.९ च कां घालूं नये? हा प्रश्न आमच्या एका स्नेह्यानें विचारला होता, आणि प्रश्न मूर्खपणाचा मुळींच नाहीं. भारी तें चांगलें असें व्यवहारांत पुष्कळदां असतेंच. परंतु येथें तीन अडचणी येतात. पहिली, भारी बोल्टाचें बळ अधिक आवळल्याशिवाय उपयोगास येत नाहीं. आणि तितकें आवळूं गेलें तर समोरचे आटे जर ॲल्युमिनियमच्या किंवा बिडाच्या ओतीव भागांत असतील तर ते बाहेर येतात. नवा बोल्ट शाबूत राहतो, गिअरपेटीचें कवच जातें. दुसरी, पोलाद जितकें कणखर तितकें तें ठिसूळपणाकडे झुकतें. जस्ताचा मुलामा देण्यापूर्वीं आम्लांत बुडवितात, त्या वेळीं व मुलामा चढतांना हायड्रोजन वायु पोलादांत शिरतो. मऊ बोल्टास त्याची बाधा होत नाहीं. १०.९ व १२.९ च्या बोल्टांस मात्र मुलाम्यानंतर सुमारें २०० अंश उष्णतेंत कांहीं तास ठेवावें लागतें, नाहीं तर आवळून ठेवलेला बोल्ट एकदोन दिवसांनीं उभ्या गाडींत आपोआप तडकतो. यास्तव काळा १२.९ चा बोल्ट गंजूं नये म्हणून परस्पर मुलामा देण्यास पाठवूं नये. आपल्या बांध्यांतील चिखल, पाणी व खत यांत सदा बुडणाऱ्या अवजारासहि तो योग्य नव्हे. गंज आणि मोठा ताण एकत्र आले म्हणजे त्यास बारीक भेगा पडतात.

तिसरी अडचण शेतकऱ्यास अधिक महत्त्वाची. कांहीं बोल्ट तुटण्यासाठींच घातलेले असतात. रोटाव्हेटरच्या पी.टी.ओ. दांड्यावर किंवा पलटी नांगराच्या फाळाजवळ जो शिअर बोल्ट असतो, त्याचें काम असें कीं, फाळास धोंडा किंवा झाडाचें खोड लागलें तर आपण तुटावें आणि गिअर वांचवावे. पळसाचीं खोडें काढून नव्यानें बांधी केलेल्या जमिनींत तो दिवसांतून दोनदां तुटतो. वैतागून मालक म्हणतो, "घाल एकदांचा १२.९ चा, पाहूं कसा तुटतो!" तो तुटत नाहींच. तुटतो गिअर. चार-दोन रुपयांच्या बोल्टाचा राग गिअरपेटीवर निघतो, आणि रोवणीचे पंधरा दिवस रोटाव्हेटर दुरुस्तीच्या शेडमध्यें पडून राहतो. अशा जागीं अवजाराच्या पुस्तकांत जो दर्जा दिला असेल तोच घालावा. वरचा नको आणि खालचाहि नको.

बोल्टाबरोबर नटाचाहि विचार हवा, पण तो थोडक्यांत होण्यासारखा आहे. नटावर एकच आंकडा असतो: ८, १० किंवा १२. बोल्टाच्या पहिल्या आंकड्याशीं तो जुळला पाहिजे. ८.८ ला ८ चा नट, १०.९ ला १० चा. मऊ नट घातला तर आटे आंतल्या आंत सोलले जातात आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं. तुटलेला बोल्ट निदान दिसतो तरी. वायसरहि भारी बोल्टाखालीं कडक असावा, पातळ पत्र्याचा कापलेला नसावा.

दर्जा उत्तम असून तो घालविण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे आंच. ८.८ आणि त्याच्या वरचे बोल्ट तापवून, पाण्यांत किंवा तेलांत विझवून व पुन्हां मंद तापवून कणखर केलेले असतात. हें शेवटचें तापविणें साधारण ४२५ अंशांच्या वर होतें. त्याहून अधिक उष्णता लागली कीं पोलाद पुन्हां मऊ पडूं लागतें. लोहाराच्या भट्टींत लाल होईपर्यंत तापवून वांकविलेला बोल्ट, किंवा निघूं नये म्हणून नटास वेल्डिंगचा टांका मारलेला बोल्ट, त्याच्या डोक्यावर १०.९ लिहिलेलें असलें तरी तो १०.९ राहिलेला नाहीं. वैनगंगेच्या कांठच्या गांवांत आम्हीं असे खातेदार पाहिले आहेत, कीं ज्यांचें नांव सातबाऱ्यावर कायम असे आणि जमीन केव्हांच पात्रांत गेलेली असे. तसेंच हें.

या संबंधांत ट्रॉलीचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याची धानानें भरलेली ट्रॉली तलावाच्या पाळीवरून उतरतांना हुकापासून सुटली व उलटून कालव्यांत गेली. मागें बसलेल्या दोन मजुरांनीं वेळेवर उडी मारली म्हणून ते वांचले. एकाचा हात मोडला. हुकाची पट्टी चार बोल्टांवर होती. नंतर तुकडे गोळा करून पाहिले तेव्हां त्यांतील एक मूळचा, डोक्यावर ८.८ असलेला होता. बाकीच्या तिघांच्या डोक्यावर कांहींच नव्हतें. मूळच्या बोल्टाचें तुटलेलें तोंड दोन रंगांचें होतें. अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत, काळपट, त्यावर नदीच्या वाळूंतील लाटांच्या रेघांसारख्या वांकड्या रेघा. आणि उरलेला भाग खडबडीत, ताजा, चकचकीत. बिनखुणेच्या तिघांचीं तोंडें निराळीं होतीं. ते तुटण्यापूर्वीं ताणून मधोमध बारीक झाले होते, जशी तापवून ओढलेली लाख होते.

या तोंडांवरून झालेला प्रकार वाचतां येतो. मऊ बोल्ट आधीं लांबले, त्यांची पकड सुटली, आणि सर्व हिसका एकट्या चांगल्या बोल्टावर येऊं लागला. तो महिनोगणती थोडाथोडा चिरत गेला. गुळगुळीत भाग व रेघा त्या सावकाश वाढणाऱ्या चिरेच्या. शेवटीं उरलेला भाग एका क्षणांत तुटला आणि मग मऊ तिघे ओढले जाऊन गेले. म्हणजे चारांत तीन हलके घातल्यानें चौथा चांगलाहि वांचला नाहीं. एका जोडांतील सर्व बोल्ट एकाच दर्जाचे असावे, व एक तुटला तर त्याच्या सोबतचे सर्व बदलावे असें जाणते कारागीर सांगतात त्याचें कारण हेंच आहे. तुटलेला तुकडा फेंकूं नये, तोंड पाहावें. लाटांच्या रेघा दिसल्या तर दोष बहुधा सैलपणाचा. लाखेसारखा ओढला गेला असेल तर दर्जा हलका किंवा भार अति. तोंड सपाट, दाणेदार आणि कोठेंहि न ताणलेलें असेल तर ठिसूळपणाचा संशय घ्यावा.

दुकानांत काय पाहावें? 'हाय टेन्साइल' हा शब्द ऐकून स्वस्थ बसूं नये. तो शब्द दुकानदाराचा आहे, आंकडा कारखान्याचा. पांच मिलीमीटर व त्याहून जाड षट्कोनी डोक्याच्या बोल्टावर दर्जाचा आंकडा आणि करणाऱ्याची खूण असे दोन्ही असले पाहिजेत. नुसता आंकडा असून करणाऱ्याची खूण नसेल तर तो कागद बिनसहीचा समजावा. कारण आंकडा कोरणें कठीण नाहीं. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत अमेरिकेसारख्या देशांतहि हलक्या मिश्रणाच्या पोलादाचे बोल्ट सहा रेघा कोरून ग्रेड ८ म्हणून बाजारांत शिरले. ते साध्या तपासणींत पास होत, मात्र उष्णता लागली कीं ढिले पडत. तेथील प्रतिनिधिसभेच्या एका समितीनें १९८८ सालीं यावर अहवाल दिला आणि १९९० सालीं बोल्टांच्या गुणवत्तेसाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. कानस घासून दर्जा ओळखण्याची जी रीत आहे तिनें फार तर मऊ बोल्ट ओळखूं येतो; ८.८ आणि १०.९ यांतला भेद कानस सांगत नाहीं. आट्याची लांब सळई कापून बोल्टाऐवजीं वापरतात तीहि, वेगळी खूण नसेल तर, हलक्या दर्जाचीच धरावी. शेजारींच जाणकार माणसें आहेत हें आपण विसरतों. वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यांत मोटारींच्या भागांसाठीं लागणारें खास पोलाद होतें, गडेगांवास अशोक लेलँडच्या कारखान्यांत गिअरपेट्या होतात, आणि पोलादास लागणारें मँगनीज तर चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें आपल्याच भूमींतून निघतें. या कारखान्यांत गांवोगांवचीं मुलें कामास आहेत. पिशवीभर बोल्ट त्यांच्यापुढें ओतले तर खरेखोटे निवडून देतील.

आवळण्याविषयीं. १२ मिलीमीटरचा ८.८ बोल्ट कोरड्या आट्यावर सुमारें ८ किलो-मीटर आवळावा, म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोंकास ८ किलोंचा भार. पाव मीटर लांबीच्या नेहमींच्या पान्यावर तोच भार ३२ किलो होतो. १०.९ ला सुमारें १२ किलो-मीटर लागतात. उलट ६ मिलीमीटरच्या ८.८ बोल्टास एक किलो-मीटर बस्स होतो, म्हणजे त्याच पान्यावर चार किलो. लहान बोल्ट आपल्याकडे इतके कां तुटतात तें यावरून ध्यानांत यावें. हाताचा जोर सर्वांस सारखाच लावला जातो. पान्यास नळीचा तुकडा अडकवून आवळण्याची रीत तर बंदच व्हावी. आणखी एक, लावलेल्या जोरापैकीं फारच थोडा, साधारण दहावा हिस्सा, बोल्ट ताणण्यास लागतो. बाकीचा डोक्याखालच्या व आट्यांच्या घर्षणांत जातो. म्हणून आट्यास तेल किंवा ग्रीस लागलें असेल तर तितक्याच जोरानें बोल्ट पुष्कळ अधिक ताणला जातो व लांबण्याची हद्द ओलांडूं शकतो. पुस्तकांत तेल लावा असें सांगितलें असेल तेथें लावावें, नसेल तेथें कोरडें ठेवावें. गांवांत दोनचार घरांनीं मिळून एक टॉर्क पाना घेतला तर तो रोवणीपासून मळणीपर्यंत सर्वांच्या कामास येईल. चाकांचे नट व यू-बोल्ट नवे बसविल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली कीं पुन्हां एकदां आवळावे, कारण रंग व गंज दबून जोड थोडा बसतो.

मागणी करतांना दुकानदारास असें सांगावें: जाडी १२, आटा १.७५, लांबी ५०, दर्जा ८.८, सोबत ८ चा नट आणि कडक वायसर. लांबी डोकें सोडून मोजतात. फक्त ज्याचें डोकें पत्र्यांत बुडून सपाट होतें त्याची डोक्यासकट मोजतात. नट पुरा बसून बाहेर एकदोन आटे दिसतील इतकी लांबी पुरे. आणि दोन पत्र्यांच्या सांध्यावर शक्यतों बोल्टाचा साधा दांडा यावा, आट्यांचा भाग येऊं नये.